यंत्राला कर्ज मिळालं, उधारीला नाही: सावदा पट्ट्यातलं एक कर्ज प्रकरण

चार महिन्यांत एकही हप्ता चुकला नव्हता. वेफर्सना मागणी होती, वहीत नफा दिसत होता. आणि तरी मार्च २०२३ मध्ये एका संध्याकाळी केळी वेफर्सचा धंदा करणाऱ्या एक ताई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्याची केळी घ्यायला पैसे नाहीत. यंत्र बंद ठेवू का?"

त्यांचं कर्ज प्रकरण मीच केलेलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल तालुक्यांतल्या लहान धंदेवाल्यांच्या फायली मी तयार करून देतो. मंजुरी मिळाली, यंत्र आलं, अनुदान बसलं, म्हणजे प्रकरण यशस्वी असं मी धरून चाललो होतो. ताईंच्या त्या एका प्रश्नाने ते गृहीत मोडलं. इथे ते प्रकरण पहिल्यापासून मांडतो. नाव-गाव देत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

धंदा कसा चालायचा

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा केळीच्या पट्ट्यातून जातो. या रस्त्याच्या कडेला केळी वेफर्सच्या टपऱ्या आहेत. हिरवी केळी सोलायची, किसणी थेट कढईवर धरायची आणि चकत्या तेलात सोडायच्या. गाडी थांबते, गिऱ्हाईक गरम वेफर्स घेऊन जातं. ताईंची टपरी नऊ वर्षांची. दिवसाला साधारण २० किलो माल, २०० रुपये किलो. पावसाळ्यात रस्ता ओस पडतो, ते महिने सोडले तर महिन्याला लाखभर रुपयांची विक्री.

या धंद्याची एक गोष्ट तेव्हा मला दिसली होती, पण तिचं मोल कळलं नव्हतं. सकाळी रोखीने केळी, रोखीने तेलाचा डबा, आणि संध्याकाळपर्यंत पैसे परत हातात. सकाळी गेलेला रुपया फार तर दुसऱ्या दिवशी घरी येतो. उधारी नाही, साठा नाही. नऊ वर्षांत ताईंना खेळतं भांडवल (कच्चा माल, साठा आणि उधारी यांत अडकून राहणारा पैसा) हा शब्द कधी लागलाच नव्हता, कारण दहा हजार रुपये गल्ल्यात असले की टपरी चालायची.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना स्लायसर, मोठा फ्रायर, तेल निथळायचं यंत्र आणि पाकीटबंद करायचं मशिन हवं होतं. भुसावळ-जळगावचे दोन घाऊक व्यापारी माल मागत होते. त्याआधी एका बँकेत त्या जाऊन आल्या होत्या. तिथे तोंडी "होणार नाही" म्हणून सांगितलं गेलं होतं.

मी पहिलं सांगितलं ते हे की तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची आणि नाकारला तर कारण लेखी मागायचं. कारण कळलं की अर्धं काम होतं. इथे कारणं दोन निघाली.

एक, ताईंचे यजमान चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीनदार होते. त्याचे तीन हप्ते थकले होते आणि तो डाग यजमानांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालात, दिसत होता. जामीनदाराची सही म्हणजे शेजारधर्म, असं आपल्याकडे मानतात. बँकेच्या लेखी ते तुमचंच कर्ज असतं. चुलतभावाने केळीच्या कांदेबागाची कटणी झाल्यावर थकलेले हप्ते भरले. कर्ज देणाऱ्या कंपनीने ते मोठी रक्कम सोडून "सेटल" करण्याची तयारी दाखवली होती. मी निक्षून नको म्हटलं. सेटलमेंट केल्यास अहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढचा बँकवाला तो वाचून फाइल बाजूला ठेवतो. पूर्ण भरणा करून खातं नियमित करणं थोडं महाग पडतं, पण वर्षानुवर्षं कामाला येतं. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा, असे अहवाल ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून फुकट मिळतो. अर्ज करण्याआधी तो काढून बघणं हे माझ्या मते कोटेशन आणण्याच्याही आधीचं काम आहे.

दुसरं कारण पासबुक. वर्षाला दहा-अकरा लाखांची विक्री आणि खात्यात जमा जेमतेम सव्वादोन लाख. ताई बँकेत पैसे ठेवायला कचरतात त्यालाही कारण आहे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची ठेव अडकली होती. लग्नासाठी ठेवलेला पैसा वेळेला मिळाला नाही, हे घरातलं माणूस विसरत नाही. त्यामुळे मी त्यांना उपदेश केला नाही, फक्त सहा महिने रोजचा भरणा खात्यात करायला सांगितला. टपरीवर क्यूआर लावला, रोख उरेल ती दर दोन दिवसांनी भरायची. जानेवारी २०२२ पर्यंत पासबुकात धंदा दिसायला लागला.

प्रकरण कसं बांधलं

पर्याय तीन होते. मुद्रा योजनेत किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज होतं, पण त्यात अनुदान नाही. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत अनुदान आहे, पण ती योजना नवीन उद्योगासाठी, आणि ताईंचा धंदा नऊ वर्षांचा. तिसरी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, पीएमएफएमई, जून २०२० मध्ये सुरू झालेली. चालू उद्योगाला वाढीसाठी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के. "एक जिल्हा एक उत्पादन" मध्ये जळगावला केळीच असल्यामुळे वेफर्स अगदी चपखल बसले.

या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल, बँकेचा पाठपुरावा यात त्या मदत करतात आणि त्यांचं मानधन योजनेतून मिळतं. अर्जदाराने एक पैसाही द्यायचा नसतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण अनुदानाच्या पाच-दहा टक्क्यांवर "काम करून देतो" म्हणणारी माणसं तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाबाहेर भेटतात. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणीही फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार घेणाऱ्याला ते पैसे परत मागायला हवेत.

कोटेशनच्या वेळी एक मोह समोर आला. यंत्र विकणाऱ्याने ताईंना सांगितलं, "बिल वाढवून देतो, तुमचा वाटा त्यातच निघून जाईल." असं सर्रास चालतं. स्वतःचा वाटा न घालता कर्ज मिळतं म्हणून लोकांना तो फायदा वाटतो. प्रत्यक्षात सात लाखांच्या यंत्रावर आठ लाखांचं कर्ज डोक्यावर बसतं, आणि धंदा अडला तर विकायला असतं ते सात लाखांचंच. शिवाय ती शुद्ध फसवणूक आहे. ताईंनी नाही म्हटलं. ८५ हजारांचा वाटा त्यांनी भिशीच्या पैशातून आणि एक गाय विकून उभा केला.

आकडे असे बसले. यंत्रं ७ लाख, शेड आणि विजेचं काम दीड लाख, एकूण ८ लाख ५० हजार. अनुदान २ लाख ९७ हजार ५००. स्वतःचे ८५ हजार. मुदत कर्ज ७ लाख ६५ हजार, पाच वर्षांचं, सुरुवातीला तीन महिने हप्ता नाही.

तारणावरून अडलं. शाखाधिकाऱ्यांनी सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायला सांगितला. ती जमीन चार भावांची सामाईक, फेरफार अजून झालेला नाही. बोजा चढवायचा तर घरात भांडण पेटलं असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना होती आणि सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी निधीची हमी अशाच कर्जांसाठी २००० सालापासून आहे. मी परिपत्रक घेऊन गेलो, पण वाद घालायला गेलो नाही. नव्याने बदलून आलेले अधिकारी होते. केळीचा धंदा त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि खातं बुडालं तर जाब त्यांनाच द्यायचा होता. मी त्यांना म्हटलं, एक दिवस संध्याकाळी टपरीवर या. ते आले, दोन तास थांबले, गिऱ्हाईकं मोजली. पुढच्या आठवड्यात हमी घेऊन प्रकरण वर गेलं. एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी आली.

आता माझी चूक. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल या ओळीसमोर मी लिहिलं होतं: ५० हजार, स्वतःचे. नऊ वर्षांचा रोखीचा धंदा डोळ्यासमोर होता, आणि अनुदान जिथे मिळतं तिथेच माझं सगळं लक्ष गेलं. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने ही ओळ अशी लिहायला नको होती.

यंत्र आल्यावर

मे-जूनमध्ये यंत्रांची ऑर्डर गेली. पैसे बँकेने थेट विकणाऱ्याच्या खात्यात भरले, जुलैअखेर शेवटची उचल झाली. थ्री फेज जोडणीचा अर्ज आम्हीच उशिरा केला, यंत्र दारात आल्यावर. तो मंजुरी मिळाली त्याच दिवशी करायला हवा होता. हप्ता नसलेले तीन महिने वीज येण्याची वाट बघण्यात गेले आणि २४ ऑक्टोबरची दिवाळी हुकली. नोव्हेंबरमध्ये उत्पादन सुरू झालं, त्याच महिन्यात पहिला हप्ता.

माल निघायला लागला तसे कागदही वाढले. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या वर जाणार म्हणून अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरेना, राज्य परवाना घ्यावा लागला. बऱ्हाणपूर रावेरहून हाकेच्या अंतरावर, पण ते मध्य प्रदेशात. तिथल्या व्यापाऱ्याला माल द्यायचा तर जीएसटी नोंदणी आधी हवी, मग उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी. ताईंनी तो व्यापारी त्या वर्षी सोडून दिला. बरोबर केलं असं मला आजही वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये अनुदान बँकेत आलं. यजमान पेढे घेऊन आले. मला त्यांना समजावून सांगावं लागलं की हे पैसे हातात येत नाहीत. ते कर्जाच्या खात्याशी जोडून वेगळे ठेवले जातात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू राहिलं तरच ते कर्जात वळते होतात. "म्हणजे आता उपयोग नाही?" त्यांनी विचारलं. उपयोग होता, महिन्याला तीन हजारांच्या आसपास व्याज वाचत होतं. पण त्यांनी जी रक्कम मनात धरून दोन व्यापाऱ्यांना उधारी वाढवून दिली होती, ती हातात येणारच नव्हती.

मग आला मार्च.

वही उघडून बसलो तेव्हा

दोन संध्याकाळी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. दिवसाला ७० किलो, महिन्याला १,७५० किलो माल निघत होता. त्यातला १,०५० किलो घाऊक, १७० रुपयांनी. उरलेला ७०० किलो टपरी आणि आसपासच्या दुकानांत, रोखीने, २१० रुपयांनी.

एक किलो वेफर्सना साधारण चार किलो कच्ची केळी लागते. ट्रकला न चाललेला माल ताई १५ रुपये किलोने घेत होत्या, त्याचे ६० रुपये. तेल पाव किलोच्या वर मुरतं, त्याचे ३६. मजुरी २०, इंधन १४, पॅकिंग ९, मीठ-मसाला आणि किरकोळ ५. एकूण १४४. (अहवाल लिहिला तेव्हा पाम तेल चढं होतं. एप्रिल २०२२ च्या शेवटी इंडोनेशियाने निर्यात बंद केली, तेव्हा तर ताई रोज फोन करत होत्या. हिवाळ्यात तेल उतरलं, पण केळी चढली आणि खर्च होता तिथेच राहिला.)

म्हणजे घाऊक मालात किलोला २६ रुपये, रोखीच्या मालात ६६ रुपये. महिन्याला २७,३०० अधिक ४६,२००, एकूण ७३,५००. त्यातून वीज, भाडं, गाडी आणि बाकी बांधलेला खर्च २२,००० वजा. हातात ५१,५००. घरखर्चाला २०,००० काढले तरी ३१,५०० उरतात आणि हप्ता १६,०६६. हप्त्याच्या जवळजवळ दुप्पट. बँका दीडपट असली तरी खूश असतात.

यजमानांचा सगळा राग व्याजदरावर होता. सूक्ष्म-लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते त्या दराशी) बांधलेली आहेत. मंजुरीच्या वेळी रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. आमचा दर साडेनऊवरून बारावर गेला. "याच्यानेच मेलो," असं ते म्हणत होते. मी मूळ रकमेवर हप्ता काढून दाखवला. साडेनऊ टक्क्यांनी १६,०६६, बारा टक्क्यांनी १७,०१७. फरक महिन्याला ९५१ रुपये. त्यातही अनुदानाच्या रकमेवरचं व्याज थांबलेलं होतं. धंदा बंद पडायला हे कारण पुरेसं नव्हतं.

मग मी विचारलं, घाऊकवाल्याला माल दिल्यापासून पैसे हातात यायला किती दिवस लागतात? यजमान म्हणाले, महिनाभर. ताईंनी वहीची पानं उलटली, बोटाने मोजलं आणि म्हणाल्या, "चाळीस दिवस. एकाचे बावन्न."

तिथे गाठ सापडली. १,०५० किलोचा खर्च दीड लाख. चाळीस दिवसांची उधारी म्हणजे ताईंचे २ लाख २ हजार रुपये कायम व्यापाऱ्यांच्या दुकानात. छापील पाकिटाचा रोल कमी मिळत नाही म्हणून एकदम घेतलेला, ७० हजार तिथे. आठवड्याचं तेल १५ हजार. तयार माल पाच दिवसांचा, ४२ हजार. बेरीज ३ लाख २९ हजार. आणि माझ्या अहवालात होते ५० हजार.

उरलेले पैसे चार महिने कुठून आले? नफा सगळा तिथे गेला होता. ताईंच्या दोन पाटल्या गहाण पडल्या होत्या, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आणि आता एक जण दरमहा शेकडा तीन रुपयांनी पैसे द्यायला तयार होता.

यजमानांना हे पटेना. "धंदा फायद्यात आहे म्हणता, मग पैसे नाहीत कसे?" शेवटी मी केळीवर आलो. म्हटलं, बागेला पीककर्ज घेता ते कशासाठी? रोपं, खत, मजुरी. ट्रॅक्टरचं कर्ज वेगळं. ट्रॅक्टर दारात उभा आहे म्हणून खताला पैसे लागत नाहीत असं होतं का? बाग लावल्यावर घड कापेपर्यंत वर्ष जातं, तोवर पैसा जमिनीत असतो. टपरीवर तुमची केळी सकाळी लावून संध्याकाळी कापली जात होती. यंत्र आल्यावर पीक चाळीस दिवसांचं झालं आणि आपण घेतलं ते फक्त ट्रॅक्टरचं कर्ज. ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे धंद्यालाही पीककर्ज लागतं." त्यालाच बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट म्हणतात: ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचे आणि भरायचे.

खानदेशात हा फेरा धंद्यागणिक वेगळा असतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवाल्याला (मोकळ्या जागेवर मिरची वाळवणाऱ्या व्यापाऱ्याला) हंगामात माल घेऊन, वाळवून महिनोन्महिने विकायचा असतो. जळगावच्या डाळ मिलला तूर येते तेव्हा भरून ठेवावी लागते. तिथे यंत्रापेक्षा साठ्यातला पैसा कितीतरी मोठा. तिथल्या लोकांना हे उपजत माहीत असतं. अडतात ते रोखीच्या छोट्या धंद्यातून वर आलेले, कारण त्यांना या फेऱ्याची सवयच नसते, आणि त्यांच्या फायली करणारे आम्ही लोक यंत्राच्या किमतीपाशी थांबतो.

दुसरं प्रकरण

बँकेत सीसीसाठी गेलो. लहान उद्योगाला खेळतं भांडवल देताना अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरायची जुनी रीत आहे, नायक समितीची. ३९ लाखांच्या उलाढालीवर ती पावणेआठ लाख दाखवत होती. शाखाधिकारी तेवढ्याला तयार झाले असते की नाही ते मी अजमावलंच नाही, कारण मला तेवढं नको होतं. हाताशी मर्यादा असली की उधारी सैल सुटते. आम्ही साठा आणि येणं मोजून मागितलं. साठा १ लाख २७ हजार, त्यावर २५ टक्के मार्जिन (स्वतःचा वाटा) सोडून ९५ हजार. येणं विक्रीच्या भावाने २ लाख ३८ हजार, त्यावर ४० टक्के सोडून १ लाख ४३ हजार. दोन्ही मिळून २ लाख ३८ हजार. मर्यादा अडीच लाख मागितली. उरलेले नव्वद हजार ताईंचे स्वतःचे, म्हणजे त्या पाटल्यांचे. त्या लगेच सुटणार नाहीत हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

सीसी मे २०२३ मध्ये मिळाली, हमीच्या कवचासह. एप्रिल २०२३ पासून सीजीटीएमएसईची वार्षिक फी बरीच उतरली होती आणि हमीची मर्यादा २ कोटींवरून ५ कोटींवर गेली होती. आमच्या कामाची होती ती उतरलेली फी. सीसीचं व्याज बारा टक्क्यांनी महिन्याला २,४०० च्या आसपास. तेच पैसे शेकडा तीनने घेतले असते तर ७,१०० च्या वर. दर महिन्याला साठ्याचं आणि येण्याचं पत्रक बँकेत द्यायचं, हे काम ताईंनी स्वतःकडे घेतलं.

एक गोष्ट मी त्यांना करू दिली नाही. व्यापारी म्हणाले, दोन टक्के सूट द्या, पंधरा दिवसांत पैसे देतो. ऐकायला बरं वाटतं. पण चाळीसचे पंधरा म्हणजे पंचवीस दिवस लवकर, आणि पंचवीस दिवसांना दोन टक्के म्हणजे वर्षाला एकोणतीस टक्के. सीसी बाराने मिळत असताना हा सौदा तोट्याचा. शिवाय २६ रुपयांच्या नफ्यातून जवळजवळ साडेतीन रुपये जाणार. त्याऐवजी छापील रोल संपल्यावर साधी पाकिटं घेऊन वर चिकटपट्टीचं लेबल लावायला सुरुवात केली. ७० हजारांचे बारा हजार झाले. बावन्न दिवसांच्या व्यापाऱ्याला माल निम्मा केला. आणि टपरीचा माल वाढवला. महामार्गावर आणखी एक जागा भाड्याने घेतली. किलोला ६६ रुपये आणि तेही रोख देणारं गिऱ्हाईक सोडून घाऊकच्या मागे धावणं हे मोठं होण्याच्या हौसेपायी घडलं होतं. त्यात मीही सामील होतो.

उधारीबाबत कायदाही ताईंच्या बाजूने आहे, तो वापरायची हिंमत मात्र हळूहळू आली. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण ज्याला उद्या पुन्हा माल विकायचा त्याच्यावर तक्रार कोण करणार? फरक पडला तो २०२३-२४ च्या हिशेबापासून, आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाने. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येईना. आम्ही प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापायला सुरुवात केली होती. मार्च २०२४ मध्ये बावन्न दिवसवाल्या व्यापाऱ्याच्या सीएने त्याला ते दाखवलं असावं, कारण त्याने जुनं सगळं येणं ३१ तारखेच्या आत चुकतं केलं.

मार्च २०२४ अखेरची स्थिती अशी. मुदत कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. पावसाळ्यातले दोन हप्ते जड जातात म्हणून उन्हाळ्यात आवर्त ठेवीत बाजूला टाकलेले असतात. सीसी वर्षभरात तीनदा पूर्ण शून्यावर आली. सरासरी उधारी एकतीस दिवस. दोन पाटल्यांपैकी एक सुटली आहे. अनुदान अजून बँकेतच आहे, तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत.

मी आता प्रकल्प अहवाल करायला घेतला की यंत्राचं कोटेशन शेवटी बघतो. आधी उधारीची वही मागतो, आणि वही नसेल तर तीन महिने लिहून आणायला सांगतो. काही जण चिडून दुसऱ्याकडे जातात.

ताईंच्या मुलाला दुसरा फ्रायर घ्यायचा आहे. तो कोटेशन घेऊन माझ्याकडे आला होता. ताईंनी त्याला वही आणायला परत घरी पाठवलं.